शाळेतली दाततपासणी: दप्तरातल्या चिठ्ठीची गोष्ट

शाळेत दातांची तपासणी झाली की मुलाच्या दप्तरातून एक चिठ्ठी घरी येते: दाढ किडली आहे, दवाखान्यात दाखवा. अनेक घरांत ती वाचली जाते आणि ‘दुधाचेच दात आहेत, पडतील’ असे म्हणून बाजूला ठेवली जाते. या चिठ्ठीमागे शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. तो कळला तर चिठ्ठी हातावेगळी केल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही.

शाळकरी मुलांसाठी नगरपालिकेचा दंतदवाखाना १९०२ साली स्ट्रासबर्ग शहरात एर्न्स्ट येसेन या दंतवैद्यांनी सुरू केला. पुढे पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडच्या सैन्यात भरतीला आलेल्या तरुणांचे दात फार वाईट अवस्थेत असल्याचे दिसले. उपाय बालपणातच करायला हवा, हे थॉमस हंटर यांनी ओळखले. १९२१ पासून तिथे तरुणींना दोन वर्षांचे प्रशिक्षण देऊन शाळांमध्ये दंतपरिचारिका म्हणून नेमले जाऊ लागले. त्या काळी ड्रिल पायाने चालवावे लागे. मुले घाबरून त्या दवाखान्याला ‘मर्डर हाउस’ म्हणत! पण एक गोष्ट महत्त्वाची होती. जी परिचारिका दात तपासत असे, तीच तो तिथल्या तिथे भरूनही देत असे.

आपल्याकडे शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोद्यात झाली. मात्र १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नव्हतीच. दंतवैद्यही मोजकेच होते. नागपुरात मेडिकलच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय १९६८ साली सुरू झाले. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली. या कार्यक्रमात शोधायच्या तीस आजारांमध्ये किडलेल्या दातांचाही समावेश आहे. सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा पथक येते. त्यात डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात, दंतवैद्य मात्र नसतो. पथक कीड शोधते आणि मुलाला पुढे पाठवते. दात भरण्याचे काम दवाखान्यात होते.

शाळा आणि दवाखाना यांच्यातले हे अंतर कोण पार करणार? तुम्ही. चिठ्ठी दप्तरातच राहिली तर तपासणी होऊनही मुलाच्या पदरात काहीच पडत नाही.

‘दुधाचे दात पडणारच’ हे खरे, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या वेळेआधी गेल्या तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा उरत नाही. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे एक पक्की दाढ येते. तिच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही, म्हणून ती आल्याचे अनेक पालकांच्या लक्षातच येत नाही. ती दुधाची समजून दुर्लक्ष केले आणि किडली, तर तिच्या जागी दुसरी येणार नाही.

गाल सुजलेली, रात्रभर ठणक्याने रडलेली मुले माझ्यासारख्या फिजिशियनकडेही आणली जातात. औषधाने सूज उतरते, पालक निश्चिंत होतात, पण कीड तिथेच असते. काही आठवड्यांनी तेच मूल पुन्हा समोर येते. सुरुवातीलाच दात भरला असता तर काम एका भेटीत, फारशा वेदनेशिवाय झाले असते.

म्हणून आज एवढे करा. दप्तर उघडून चिठ्ठी शोधा. मुलाला उजेडात बसवून सगळ्यात मागची दाढ बघा. काळा ठिपका किंवा खड्डा दिसला तर दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्याकडे जा. खासगी खर्च झेपत नसेल तर शासकीय दंत रुग्णालय आहेच. शाळेच्या पथकाने पाठवले असेल तर ती चिठ्ठी सोबत न्या, त्या कार्यक्रमात पुढचे उपचार मोफत आहेत. आणि रात्री झोपण्यापूर्वीचा ब्रश, निदान सात-आठ वर्षांपर्यंत, तुमच्या हाताने करून द्या.