फुलराणीचा उसना कंठ

परीकथेंतील राजकन्या कोणत्या प्रांताची बोली बोलत असेल, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. चुलीपाशीं राखेंत बसणाऱ्या सिंड्रेलेला राजवाड्यांत जावयास काचेचे जोडे पुरतात. दाराशीं कोणी तिचे उच्चार तपासून पाहत नाहीं. बर्नार्ड शॉनें मात्र त्याच जुन्या कथेंत जोड्यांच्या जागीं स्वर आणि व्यंजनें घातलीं. त्यामुळें त्याच्या 'पिग्मॅलियन' नाटकापासून निघालेल्या 'माय फेअर लेडी' या संगीत नाटकांत नायिकेची निवड करणें म्हणजे नुसतें रूप आणि गळा पाहणें नव्हे. हें नाटक १९६४ सालीं पडद्यावर आलें, तेव्हां ही गोष्ट फार ठळकपणें दिसून आली.

कथा वाचकांस ठाऊक असेलच. फुलें विकणारी एलायझा लंडनच्या गरीब वस्तींतील कॉकनी बोली बोलते, आणि ध्वनिशास्त्राचा प्रोफेसर हिगिन्स सहा महिन्यांत तिला उमरावांच्या मेळाव्यांत खपवून दाखविण्याचा विडा उचलतो. म्हणजे नटीला दोन्ही भाषा आल्या पाहिजेत. आणि एक खरी व दुसरी शिकलेली वाटली पाहिजे. रंगभूमीनें या बाबतींत पुष्कळ सांभाळून घेतलें आहे. 'पिग्मॅलियन'चा पहिला प्रयोग १९१३ सालीं व्हिएन्नास झाला, तोहि जर्मन भाषेंत! पुढल्या वर्षीं लंडनला मिसेस पॅट्रिक कँपबेल या एकोणपन्नास वर्षांच्या नटीनें ही कोवळी फुलवाली उभी केली. खुद्द शॉनें छापील नाटकांत एलायझेची बोली जशीच्या तशी लिहिण्याचा प्रयत्न चार ओळींतच सोडून दिला. लंडनबाहेर ती कोणास कळणार नाहीं, असें त्यानें प्रांजळपणें तेथेंच नमूद केलें.

संगीत नाटक १९५६ सालीं न्यूयॉर्कमध्यें सुरू झालें व त्याचे २७१७ प्रयोग झाले. हिगिन्स झाला होता रेक्स हॅरिसन, आणि एलायझा होती वीस वर्षांची ज्यूली अँड्र्यूज. ती सरे परगण्यांतली. कॉकनी तिची नव्हे. गमतीची गोष्ट अशी कीं, त्या इंग्रज मुलीस लंडनची बोली एका अमेरिकन शिक्षकापाशीं शिकावी लागली. तालमींत तिचा सूर लागेना, तेव्हां दिग्दर्शक मॉस हार्ट यानें इतर मंडळींस सुट्टी देऊन दोन दिवस तिच्याकडून एकेक वाक्य घोटून घेतलें. नाटकांत हिगिन्स जें करतो, तेंच पडद्यामागें तिच्या वांट्यास आलें होतें.

चित्रपटाचे हक्क घेण्यासाठीं जॅक वॉर्नर यानें पंचावन्न लक्ष डॉलर मोजले. एवढा पैसा ओतल्यावर पडद्यावर तोंवर न दिसलेली मुलगी घेण्याचें धाडस त्याला होईना; त्यानें ऑड्री हेपबर्नची निवड केली. व्यापारी म्हणून त्याचें चुकलें, असें म्हणतां येणार नाहीं. हेपबर्न ब्रुसेल्सला जन्मलेली, आई डच, आणि बोलणें अतिशय संस्कारित. उच्चारांच्या कामीं पीटर लॅडफोगेड हा नामांकित ध्वनिशास्त्रज्ञ सल्लागार नेमला गेला. तरीहि आम्हांस असें वाटतें कीं, चित्रपटाच्या पूर्वार्धांत एक कुलीन स्त्री मौजेनें मळकीं वस्त्रें नेसली आहे, आणि नृत्याच्या रात्रीं ती आपल्या घरीं परत आली आहे. शॉची कथा येथें नेमकी उलटी होते. रंगमंचावर प्रेक्षक दूर बसलेला असतो, त्यामुळें असें सोंग खपून जातें. कॅमेरा ओठांपर्यंत येऊन पोंचतो.

गाण्यांची हकीकत याहून कष्टी करणारी आहे. हेपबर्ननें गळा तयार केला, गाणीं ध्वनिमुद्रितहि केलीं. पण अखेर त्यांतील बहुतेक मार्नी निक्सन हिच्या आवाजांत घालण्यांत आलीं. याच बाईनें पूर्वीं 'द किंग अँड आय' आणि 'वेस्ट साइड स्टोरी' या चित्रपटांतहि नायिकांना गळा दिला होता. आपल्याकडे पार्श्वगायन ही उघड रूढी आहे, लताबाईंचें नांव ऐकून लोक तिकीट काढीत. तिकडे मात्र ती झांकून ठेवण्याची गोष्ट होती, आणि निक्सनचें नांव श्रेयनामावलींत आलें नाहीं. उलट हॅरिसननें आधीं मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलविण्यास साफ नकार दिला. त्याचें गाणें म्हणजे तालांतलें बोलणें, आणि तें दर वेळीं निराळें. तेव्हां त्याच्या टायमध्यें बिनतारी मायक्रोफोन लपवून तें चित्रीकरणाबरोबरच टिपण्यांत आलें. पुरुषाच्या आवाजासाठीं यंत्र बदललें, स्त्रीचा आवाजच बदलला. आणि चित्राचा विषय कोणता, तर एका मुलीला स्वतःचा आवाज सांपडण्याचा!

त्या चित्रपटास आठ ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. हेपबर्नचें नांव नामांकनांतहि नव्हतें. नटीचें पारितोषिक ज्यूली अँड्र्यूजला, 'मेरी पॉपिन्स'साठीं मिळालें. त्याच चित्रपटांत डिक व्हॅन डाइक या अमेरिकन नटानें जी कॉकनी बोलून दाखविली, तिची इंग्रजांनीं पन्नास वर्षें थट्टा केली, आणि २०१७ सालीं त्या सद्गृहस्थानें त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. पोरांना मात्र तो तसाच आवडत आला.

हेपबर्नचा स्वतःचा गळा एका गाण्यांत बराचसा शिल्लक आहे. एलायझा एकटी असतांना हिगिन्सवर दांत खाते, तें गाणें. त्यांतील मधला गोड भाग निक्सनचा, बाकीचा राग हेपबर्नचा. दोन आवाजांचा सांधा लक्ष देऊन ऐकल्यास कळतो, आणि चित्रपटांतली खरी फुलवाली आम्हांस तेथेंच भेटली. पु. ल. देशपांडे यांनीं १९७५ सालीं याच कथेवरून 'ती फुलराणी' लिहिलें. कॉकनीचें भाषांतर करण्याच्या फंदांत न पडतां त्यांनीं आपल्याच समाजांतली बोलीची भिंत शोधून काढली, आणि त्या रागाच्या जागीं मंजुळेचें स्वगत घातलें. भक्ति बर्वे तें बोलत तेव्हां मागें दुसरा कंठ नव्हता. पुढें शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांतून कितीतरी मुलींनीं तें म्हटलें. त्यांतल्या बहुतेक जणींना मंजुळेची बोली शिकावी लागली होती, अशोकमास्तरांची घरचीच होती.