थैली कोणाकडे, जाब कोणाला?

मुंबई-पुण्याच्या वाहतुकीचा विषय निघाला की जाणकारांचे एकमत ठरलेले असते. कारभारी फार झाले, प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला. तेव्हा सगळ्यांच्या वर एक एकीकृत महानगर वाहतूक प्राधिकरण बसवावे, सर्वाधिकार त्याच्या हाती द्यावेत, म्हणजे सगळे मार्गी लागेल. हे मत सरकारी धोरणात आहे, सल्लागारांच्या अहवालांत आहे, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतही आहे. मला ते मुळातच चुकीचे वाटते.

मूर्तिजापूरच्या माणसाने या वादात का पडावे, ही शंका रास्त आहे. आमच्या गावाला ना मेट्रो, ना शहर बस. पण आमची पोरे शिकायला-कमवायला नागपूर-पुण्यालाच जातात, आणि तिथे आज जो उपाय ठरतो तोच उद्या अमरावती-अकोल्याच्या गळ्यात पडतो. शिवाय वाहतुकीचा निर्णय कोण घेतो आणि तो कोणाला भोवतो, याचा सज्जड दाखला आमच्याच स्टेशनात आहे. त्याकडे येईनच. आधी पूर्वपक्ष पुरता मांडू, कारण समोरच्याचे म्हणणे अर्धे सांगून खोडण्यात काही अर्थ नाही.

पूर्वपक्ष असा. मुंबई महानगरात रस्ते महापालिकेचे. उड्डाणपूल कधी एमएमआरडीएचे, कधी रस्ते विकास महामंडळाचे. लोकल पश्चिम आणि मध्य रेल्वेची, तिच्या वाढीव मार्गिका एमआरव्हीसीच्या. बस बेस्टची, ठाण्यात टीएमटीची, खाडीपलीकडे एनएमएमटीची. मेट्रो तर वेगवेगळ्या कंपन्यांत वाटलेली. सिग्नल पोलिसांचा, रिक्षाचा परवाना आरटीओचा. साधा बसथांबा चार हात पुढे सरकवायचा तर खांब बेस्टचा, पदपथ पालिकेचा आणि होकार वाहतूक पोलिसांचा. म्हणून २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने दहा लाखांवरच्या शहरांना एकीकृत प्राधिकरण सुचवले, आणि २०१७ च्या मेट्रो धोरणाने तर केंद्राची मदत हवी असणाऱ्यांना ते बंधनकारकच केले. दाखला लंडनचा देतात: तिथे भुयारी रेल्वे, बस, मुख्य रस्ते, टॅक्सीचे परवाने, सगळे ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ ही एकच संस्था पाहते.

हे वर्णन खरे आहे. माझी हरकत त्यातून काढलेल्या निष्कर्षाला आहे.

पहिले म्हणजे, हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. १९७५ मध्ये मुंबईत महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजेच वर आलेले एमएमआरडीए, स्थापन झाले, ते महानगराची आखणी करून निरनिराळ्या संस्थांच्या कामांत मेळ घालण्यासाठीच. पुढे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या जमिनीचा पैसा हाती आला आणि मेळ घालणारी संस्था स्वतःच मोठी बांधकामे करू लागली. २००८ पासून स्कायवॉक उभे राहिले. बांधले प्राधिकरणाने, सांभाळायला गेले महापालिकेकडे. २०१४ मध्ये मोनोरेल सुरू झाली, २०१९ मध्ये तिचा पुढचा टप्पा. तिला पुरेसे प्रवासी कधीच मिळाले नाहीत, हे सारी मुंबई जाणते. या मोनोरेलमध्ये समन्वयाची कोणती उणीव होती? आखणी, पैसा, कंत्राट एकाच छताखाली होते. उणीव होती ती ‘इथे मोनोरेल कशाला, याच पैशात बस का नको?’ असे सभागृहात उभे राहून विचारणाऱ्याची आणि त्याला उत्तर देणे ज्याला भाग आहे अशा कारभाऱ्याची. प्राधिकरणावर महापौर असतो, थोडे नगरसेवकही असतात. पण मतदाराने निवडलेले आणि मतदार घरी बसवू शकेल असे सभागृह त्याला नाही.

पुण्याने २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी या दोन बससेवा मोडून पीएमपीएमएल ही एकच कंपनी केली. निगडीहून निघालेल्या माणसाला स्वारगेटपर्यंत एकाच कंपनीची बस मिळू लागली, हा फायदा मी मान्य करतो. पण तुटीचा पैसा ६० आणि ४० टक्क्यांच्या वाट्याने दोन महापालिकांकडूनच यायचा राहिला. कंपनी एक झाली तरी तिला स्वतःची थैली नाही. चेन्नईची गोष्ट याहून लांबलेली: एकीकृत प्राधिकरणाचा कायदा २०१० चा, प्राधिकरणाची पहिली बैठक २०२२ ची. कायदा होऊनही एक तप कोणाचे काही अडले नाही, कारण त्या संस्थेच्या हाती अडवण्यासारखे काही नव्हतेच.

बेस्टवर मात्र थोडे थांबायला हवे, कारण सगळा मुद्दा तिच्यात स्वच्छ दिसतो. ट्राम आणि विजेची ही खाजगी कंपनी १९४७ च्या ऑगस्टमध्ये मुंबई महापालिकेने ताब्यात घेतली. तेव्हापासून बेस्ट समितीत नगरसेवक बसत, भाडे आणि नवे मार्ग यांवर तिथे खडाजंगी होई. बसला तोटा व्हायचाच, तो विजेच्या नफ्यातून भरला जाई. शहरातला वीजग्राहक शहरातल्या बसप्रवाशाला हात देत होता, आणि हे कोणी ठरवले हे सगळ्यांना ठाऊक होते. मुंबईत कारभारी तेव्हाही अनेक होते: रेल्वे दिल्लीची, पोलीस राज्याचे. तरी चार हजारांहून अधिक गाड्यांची ही सेवा देशात नावाजलेली होती. मग २००३ चा वीज कायदा आला, दर नियामक आयोगाच्या हाती गेले आणि विजेच्या बिलातून बसचा तोटा भरून काढण्याची वाट हळूहळू बंद झाली. बेस्ट पालिकेकडे हात पसरू लागली. स्वतःच्या गाड्या घटल्या, भाडेतत्त्वावरच्या वाढल्या. समन्वय जसा होता तसाच होता. आटली होती थैली.

त्यावर दुसरा आघात झाला. ७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाची. पुणे, नागपूर, अमरावती, अकोला यांनाही याच काळात नगरसेवक नव्हते. या अवधीत, मे २०२५ मध्ये, बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. भाडे कधी वाढूच नये असे मी म्हणत नाही. डिझेल, पगार, सुटे भाग सगळेच महागते. पण दररोज लाखो लोक वापरतात त्या सेवेचे भाडे दुप्पट होताना शहरात एकही निवडून आलेला नगरसेवक नसावा, हे मला भयंकर वाटते. एकीकृत प्राधिकरण असते तर यात काय फरक पडला असता? प्रशासकाऐवजी प्राधिकरणाच्या मुख्य अधिकाऱ्याची सही असती, इतकेच.

आता लंडन. लंडनची वाहतूक एका संस्थेखाली आली ती ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ झाले त्या २००० मध्ये नव्हे, १९३३ मध्ये, ‘लंडन पॅसेंजर ट्रान्सपोर्ट बोर्ड’ झाले तेव्हा. १९८४ मध्ये केंद्र सरकारने ती सेवा निवडून आलेल्या ग्रेटर लंडन कौन्सिलकडून काढून घेतली, आणि १९८६ मध्ये ते कौन्सिलच बरखास्त केले. संस्था तेव्हाही एकच होती. लंडनकराच्या मताचा तिच्यावरचा लगाम तेवढा सुटला. २००० मध्ये बदलले ते हे, की शहराने थेट निवडलेला महापौर आला, वाहतुकीची संस्था त्याच्या हाताखाली गेली आणि वाहतुकीचे धोरण लिहून जाहीर करणे त्याला कायद्याने बांधून दिले. २००३ च्या फेब्रुवारीत मध्य लंडनमध्ये मोटारींवर गर्दीशुल्क बसले. केवढा गहजब झाला होता! शुल्काचा पैसा वाहतुकीवरच खर्चायचा होता, आणि पुढच्याच वर्षी तो महापौर, केन लिव्हिंगस्टन, मतदारांपुढे उभा राहून पुन्हा निवडून आला. आपले जाणकार लंडनहून संस्थेचा आराखडा घेऊन येतात. महापौर आणि थैली तिथेच ठेवून येतात.

उलट बाजूने पाहा. १९६५ मध्ये हँबुर्गने स्वतंत्र कंपन्या स्वतंत्रच ठेवून वाहतूक संघ केला: गाड्या ज्याच्या त्याच्या, वेळापत्रक आणि तिकीट सगळ्यांचे मिळून. जमा कशी वाटायची ते करारात लिहिलेले. जर्मन भाषक देशांतल्या शहरांनी पुढे हाच कित्ता गिरवला. टोकियोत तर जेआर, दोन भुयारी रेल्वे आणि कितीतरी खाजगी रेल्वे कंपन्या आजही वेगवेगळ्या आहेत. तरी १९६० पासून एका कंपनीची गाडी दुसऱ्याच्या रुळांवरून थेट शहराच्या पोटात जाते. त्यासाठी केइसेई कंपनीने १९५९ मध्ये आपल्या मार्गाचा गेज १,३७२ मिलिमीटरचा १,४३५ मिलिमीटर केला, टप्प्याटप्प्याने, वाहतूक चालू ठेवून. वर सर्वाधिकारी कोणी नव्हता. करार होता, आणि पैसा कोणाचा, कमाई कोणाची याचा हिशेब आधी पक्का झाला होता. पॅरिसमध्येही आरएटीपी आणि एसएनसीएफ या वाहतूक कंपन्या वेगवेगळ्या आहेत. पण १९७१ पासून तिथल्या मालकवर्गाकडून पगाराच्या प्रमाणात वाहतूककर घेतला जातो, आणि तो पैसा वाटणारी संस्था आज निवडून आलेल्या प्रादेशिक परिषदेकडे आहे.

गेजचा विषय निघालाच आहे, तर आता आमच्या स्टेशनावर येतो. मुंबई-हावडा मार्गावरचे मूर्तिजापूर हे जंक्शन झाले ते शकुंतला या अरुंद रुळांवरच्या गाडीमुळे. एक फाटा अचलपूरकडे, दुसरा कारंजा-दारव्हा करीत यवतमाळकडे. दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर, रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर. कापसाच्या गाठी अरुंद वाघिणीतून इथे उतरत, ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढत आणि मुंबईकडे जात. रूळ किलिक-निक्सनच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे. गाडी चालवणार आधी जीआयपी आणि मग मध्य रेल्वे. आमच्याकडे कोणालाही विचारा, शकुंतला का मेली? उत्तर ठरलेले: रूळ परक्या कंपनीचे, गाडी सरकारची, दोन मालक, मग दुसरे काय होणार? मुंबईच्या जाणकारांचा पूर्वपक्ष तो हाच, वऱ्हाडी बोलीत.

पण ही दुहेरी मालकी काही मरणकाळी आलेली नव्हती. ती पहिल्या दिवसापासून होती आणि तिच्यासकट शकुंतला शंभर वर्षे चालली. इंग्लंडात १९२१ मध्ये बांधलेल्या वाफेच्या इंजिनाने ती १९९४ पर्यंत ओढली. थांबली ती रुळांवर पैसा घालायला कोणीच पुढे येईना म्हणून. २०१६ मध्ये, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, ब्रॉडगेजला हिरवा कंदील मिळाल्याचे जाहीर झाले. नंतर गाडीच बंद पडली. भारतीय रेल्वेपेक्षा एकीकृत संस्था या देशात दुसरी कोणती आहे? एक मंत्रालय, एक बोर्ड, एक खजिना. २०१७ पासून तिचा अर्थसंकल्पही वेगळा राहिला नाही. इतक्या एकजिनसी संस्थेत दर्यापूरच्या प्रवाशाला जाब विचारायला खिडकी कोणती? तिकिटाची होती, तीही बंद झाली.

काम करण्याची ताकद या मुलखात नाही असेही नाही. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. महामार्ग प्राधिकरणाची थैली भरलेली असते, म्हणून ते काम झाले. मजुरांच्या आणि इंजिनियरांच्या त्या मेहनतीला माझा मनापासून मान आहे. पण त्याच पट्ट्यात आधी रस्ता की आधी रेल्वे, हे अमरावती, अकोला, यवतमाळच्या लोकांनी एकत्र बसून कधी ठरवले? तशी जागाच आपण ठेवलेली नाही.

महानगरांसाठी ती जागा राज्यघटनेत लिहून ठेवलेली आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम २४३-झेडई दहा लाखांवरच्या महानगराला नियोजन समिती देते, आणि तिचे दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्या नगरसेवकांतून व पंचायत अध्यक्षांतून यावेत असे सांगते. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ मध्ये कायदाही केला; समित्या मात्र कागदापलीकडे फारशा गेल्या नाहीत. त्याच घटनादुरुस्तीने आलेली बारावी अनुसूची उघडून पाहा. नगरपालिकांना द्यायच्या अठरा विषयांत रस्ते आणि पूल आहेत, दिवाबत्ती आहे, वाहनतळ आहेत, बसथांबेही आहेत. बस नाही. थांबा शहराचा, पण त्यावर येणारी गाडी शहराची असेलच असे नाही. दुरुस्ती सुरू करायची तर मी इथून करीन.

यावर आक्षेप येणारच, की नगरसेवकांच्या हाती दिले तर प्रत्येकजण आपल्या प्रभागातून बस नेईल, तज्ज्ञांना कोणी विचारणार नाही. ही भीती पोकळ नाही. पण तज्ज्ञांच्या नावाने चालवलेल्या कारभारात राजकारण नसते हा भ्रम आहे. ते प्रभागातून उठून मंत्रालयात जाऊन बसते, आणि तिथे सामान्य माणसाचा आवाज पोहोचत नाही. तज्ज्ञाने पर्याय मांडावेत, प्रत्येकाचा खर्च सांगावा. निवड मात्र त्याने करावी, ज्याला पाच वर्षांनी मते मागायला यायचे आहे.

म्हणून उद्या विधिमंडळात असे प्राधिकरण नेमणारे विधेयक आले, तर त्यात किती संस्था एकत्र केल्या हे मी शेवटी पाहीन. आधी पाहीन, वाहतुकीसाठी राखून ठेवलेला, कोणाला वळवता न येणारा पैसा कोणत्या कलमात आहे; भाडे ठरवणारे निवडून आलेले आहेत का; आणि पालिकेवर प्रशासक असताना भाडेवाढ करता येणार नाही, असे कुठे लिहिले आहे का. अमरावती आणि अकोल्याच्या नव्या नगरसेवकांना तर विधेयकाची वाट पाहायचीही गरज नाही. आपल्या अर्थसंकल्पात पायी चालणाऱ्यांवर किती, बसवर किती आणि मोटारींच्या रस्त्यांवर किती खर्च होतो, ही तीन खाती वेगळी करून सभागृहापुढे ठेवा, अशी मागणी ते येत्या सर्वसाधारण सभेत करू शकतात.