मागेल त्याला काम : सभागृहातील एका उत्तराचा कायदा कसा झाला

१) पगाराच्या पावतीवर ‘व्यवसाय कर’ अशी एक छोटी ओळ असते. महाराष्ट्रातील बहुतेक नोकरदारांच्या पगारातून या नावाने दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. मुंबईतल्या कार्यालयात होणाऱ्या या कपातीचे मूळ शोधत गेले, तर वाट थेट तिसगावसारख्या गावांच्या कोरड्या शिवारात येऊन पोहोचते. त्या वाटेचा हा थ्रेड.

२) अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाताना तिसगाव लागते. कानिफनाथांची मढी येथून जवळच. गर्भगिरीच्या डोंगरांचा हा मुलूख पर्जन्यछायेत येतो. पाऊस झाला तर ज्वारी-बाजरी पिकते, न झाला तर पोटासाठी गाव सोडावे लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघणारी कुटुंबे ही पाथर्डी तालुक्याची जुनी ओळख आहे.

३) १९७० आणि १९७१ या दोन्ही वर्षी पावसाने ओढ दिली होती. १९७२ मध्ये तो जवळजवळ आलाच नाही. नगर, पुणे, सोलापूर, सातारा, सांगली, औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद असा सलग पट्टा होरपळला. आजही या भागातील वृद्ध माणसे घरातल्या घटनांचा काळ सांगताना ‘बहात्तरच्या आधी’ किंवा ‘बहात्तरनंतर’ असे म्हणतात.

४) अशा वेळी सरकारने काय करायचे, हे इंग्रजी अमदानीतील दुष्काळ संहितेने घालून दिले होते. पिकाची आणेवारी काढायची, ती ठरावीक मर्यादेखाली गेली की गावात टंचाई जाहीर करायची आणि मग कामे सुरू करायची. पहिले पाऊल सरकारचे. सरकारने टंचाई मान्य करेपर्यंत मजुराच्या भुकेची कागदोपत्री नोंद होत नसे.

५) येथे एक विलक्षण कायदा आठवावा लागतो. १९६३ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने राज्यातील कायद्यांमधून ‘दुष्काळ’ हा शब्दच वगळला आणि त्याजागी ‘टंचाई’ हा शब्द घातला. शेतीच्या स्थितीवर सरकारचे सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसताच उपाय होतात, म्हणून आता दुष्काळ पडण्यास वावच उरलेला नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. नऊ वर्षांनी निसर्गाने तो तपासून पाहिला.

६) १९७२ मध्ये मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपण फाशी जाऊ, अशी प्रतिज्ञा त्यांनी १९६५ मध्ये पुण्यात जाहीरपणे केली होती. विधिमंडळ तेव्हा मुंबईत, आज जेथे राज्य पोलीस मुख्यालय आहे त्या जुन्या इमारतीत भरत असे. शेतीचा जाणकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुख्यमंत्र्याला तेथे दुष्काळाची उत्तरे द्यायची होती.

७) प्रश्नोत्तराच्या तासाची रीत आजही तीच आहे. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे, त्यावर सदस्यांनी उपप्रश्न विचारायचे. विरोधी बाकांवर शेतकरी कामगार पक्ष होता, समाजवादी होते. गोरेगावातून निवडून आलेल्या मृणाल गोरे होत्या. बाहेर महागाईविरोधात स्त्रियांचे लाटणे मोर्चे निघत होते. शहरातील रिकामा डबा आणि खेड्यातील रिकामे शेत हे एकाच संकटाचे दोन चेहरे आहेत, हे त्या वर्षांत स्पष्ट झाले.

८) सरकारचे उत्तर मोठे होते, हे मान्य करावेच लागेल. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे अशी कामे जागोजाग निघाली. मे १९७३ मध्ये राज्यभरातील कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. मजुरांना सुकडी मिळाली, रेशनवर परदेशी लाल मिलो आली. उपासमार झाली, हाल झाले. पण एवढ्या भीषण अवर्षणात जुन्या काळासारखे मृत्यूचे थैमान झाले नाही.

९) तरीही एका प्रश्नाला सभागृहातले कोणतेही उत्तर पुरे पडत नव्हते. पाऊस पडला, टंचाई उठली, कामे बंद झाली, तर मजुराने पुढच्या उन्हाळ्यात काय करायचे? मंत्र्याचे आश्वासन विधिमंडळाच्या आश्वासन समितीपुढे तपासले जाते. मजुराच्या हाती मात्र त्या आश्वासनाची प्रत नसते.

१०) पैशांचा पेच दिल्लीपर्यंत गेला होता. केंद्रात अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. कृषी खात्याचे राज्यमंत्री होते नगर जिल्ह्यातूनच निवडून गेलेले अण्णासाहेब शिंदे. चव्हाणांनी फेब्रुवारी १९७३ मध्ये मांडलेला अर्थसंकल्प सुमारे ५५० कोटींच्या तुटीमुळे ‘काळा अर्थसंकल्प’ म्हणून ओळखला गेला. त्यातच दुष्काळ निवारणासाठी राज्यांना वेगळे साहाय्य देण्याची जुनी पद्धत बंद करावी, अशी शिफारस सहाव्या वित्त आयोगाने केली. पुढच्या दुष्काळाचा खर्च राज्याला बहुतांशी आपल्याच तिजोरीतून उभा करायचा होता.

११) या पेचाचे उत्तर ज्याच्याकडे होते, तो माणूस त्याच विधिमंडळात बसत होता, मात्र त्याला ना प्रश्न विचारता येत होता, ना उत्तर देता येत होते. वि. स. पागे हे १९६० पासून विधान परिषदेचे सभापती. सभापतीने चर्चेत उतरायचे नसते. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे एक प्रयोग करून पाहिला होता. ज्याला काम हवे आहे त्याने मागावे, आणि मागेल त्याला काम मिळावे.

१२) हा विचार पागे यांनी मुख्यमंत्री नाईकांपुढे मांडला आणि १९७२ मध्ये शासनाच्या ठरावाने रोजगार हमी योजना जाहीर झाली. लगेच दुष्काळ आला आणि सरकारची सारी शक्ती दुष्काळी कामांत गेली. १९७४ पासून योजना पुन्हा चालू झाली. पण शासनाचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. आजच्या सरकारने काढलेला ठराव उद्याचे सरकार एका सहीने मागे घेऊ शकते.

१३) मग अवघड प्रश्न आला : पैसा कोण देणार? १ एप्रिल १९७५ पासून, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, व्यवसाय कर लागू झाला. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ प्रमाणे तेव्हा हा कर एका माणसाकडून वर्षाला २५० रुपयांहून अधिक घेता येत नव्हता. त्याच्या जोडीला विक्रीकर आणि मोटार वाहन करावर अधिभार आला, ओलिताखालील जमिनीवर उपकर आला. या करांतून जेवढे जमेल, तेवढीच भर राज्याने स्वतः घालायची असे ठरले.

१४) म्हणजे नोकरदार, व्यापारी आणि बागायतदार यांनी कोरडवाहू मजुराच्या रोजीसाठी पैसे द्यायचे. याला विरोध होणे अगदी स्वाभाविक होते. परंतु १९७२ चे लोंढे मुंबई-पुण्याने पाहिले होते. गावात काम नसेल तर माणूस शहराच्या पदपथावर येतो, हे पटवून देण्यासाठी वेगळ्या भाषणाची गरज उरली नव्हती.

१५) १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचे विधेयक एकमताने संमत केले. इतर बाबतींत एकमेकांवर तुटून पडणारे पक्ष येथे एकत्र आले. विधेयकाला राष्ट्रपतींची संमती १९७८ मध्ये मिळाली आणि शरद पवार मुख्यमंत्री असताना, २६ जानेवारी १९७९ रोजी, कायदा प्रत्यक्ष अमलात आला. पहिल्या ठरावापासून तोवर जवळजवळ सात वर्षे लोटली होती.

१६) कायद्याचे सार साधे आहे. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले, तर १५ दिवसांत ते द्यायचे. न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा. सुरुवातीला तो दिवसाला किमान एक रुपया होता. घटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये कामाचा हक्क केवळ मार्गदर्शक तत्त्व आहे. महाराष्ट्राने तो ग्रामीण मजुरापुरता का होईना, कायदेशीर हक्क बनवला. आणेवारीची वाट पाहणे संपले. आता पहिले पाऊल मजुराचे होते.

१७) या कायद्याचे गुणगान करताना त्याच्या उणिवाही नोंदवायला हव्यात. बेकारी भत्ता फारच थोड्यांच्या हाती पडला. मजुरी उशिरा मिळण्याची आणि हजेरीपटावर खोटी नावे लागण्याची तक्रार पुढच्या प्रत्येक दशकात सभागृहात घुमत राहिली. पाथर्डीचे ऊसतोड कामगार आजही कारखान्यांच्या वाटेने जातात. एकरकमी उचल देणाऱ्या मुकादमाशी रोजंदारीची हमी स्पर्धा करू शकली नाही.

१८) तरीही या कायद्याने देशाला वाट दाखवली. २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा सुमारे तीन दशकांचा अनुभव समोर होता. फेब्रुवारी २००६ मध्ये तो ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत नगर जिल्हाही होता.

१९) महाराष्ट्रातील मजूर काम मागताना नमुना नंबर ४ भरतो आणि त्याला नमुना नंबर ५ ची तारीखवार पोच मिळायला हवी असते. पोच नसेल तर १५ दिवस कधीपासून मोजायचे, हेच ठरत नाही. म्हणून पोच टाळणे ही हमी बुडवण्याची सर्वांत सोपी युक्ती ठरते. १९७२ मध्ये तिसगावच्या मजुराचा प्रश्न मुंबईत कुणी आमदाराने विचारावा लागे. कायद्याने तो विचारण्याचा अधिकार त्याच्याच हाती दिला. त्या अधिकाराचा पुरावा म्हणजे ही पोच. ती मागून घ्यावी लागते.