बॅकगॅमनचे दोन डाव

चार्ल्स डार्विनला नक्की काय झालं होतं, यावर डॉक्टर अजून वाद घालतात. छातीत धडधड, कापरं, उलट्या. चार माणसांत बोलणं झालं की रात्र वाईट जायची. १९९७ साली दोन अमेरिकी डॉक्टरांनी हा पॅनिक डिसऑर्डर असावा असं मांडलं. मेलेल्या माणसाचं निदान जपूनच घ्यावं. मला त्याची बायको एमा जास्त महत्त्वाची वाटते.

१८३९ मध्ये लग्न, १८४२ मध्ये लंडन सोडून केंटमधल्या डाउन गावी बिऱ्हाड. दहा बाळंतपणं, त्यातली तीन मुलं लहानपणीच गेली. तरी रोज रात्री बॅकगॅमनचे दोन डाव ठरलेले. शिवाय ती पियानो वाजवायची, कादंबऱ्या वाचून दाखवायची. 'घाबरू नकोस' म्हणण्यापेक्षा ठरलेली वेळ जास्त कामाची. डार्विनने डावांचाही हिशेब ठेवला (शास्त्रज्ञच तो!). १८७६ च्या एका पत्रात तो खुशीत कळवतो: एमा २,४९०, आपण २,७९५.

पण पाहुणे, सभा, प्रवास टाळता टाळता दोघांचंही जग आक्रसलं. आजचे थेरपिस्ट घरच्यांना सांगतात, सोबत द्या, टाळाटाळीला हातभार लावू नका; टाळल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, भीती मात्र वाढते. एमाला हे कोण सांगणार?

तिचीही एक धास्ती होती. नवऱ्याच्या धर्माविषयीच्या शंकांमुळे मृत्यूनंतर आपली कायमची ताटातूट होईल, असं तिला वाटे. लग्नानंतर लवकरच तिने ते त्याला पत्रात लिहिलं. त्याने पत्र आयुष्यभर जपलं, आणि आपण यावर कितीदा रडलो, हे त्याच कागदावर तिच्यासाठी लिहून ठेवलं.