‘निबंधमाले’चा आरंभकाल आणि तीतील ‘आम्ही’

विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–१८८२) यांचे नाव निघाले की ‘मराठी भाषेचे शिवाजी’ ही पदवी पाठोपाठ येते, आणि तिच्या तेजात एक साधी गोष्ट दृष्टीआड होते. जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाले’चा पहिला अंक निघाला त्या वेळी तिचा कर्ता अवघा तेवीस वर्षांचा, पेशाने शिक्षक असलेला एक तरुण पदवीधर होता. ‘शालापत्रका’तील लेखन हीच काय ती त्याची शिदोरी. तेवढ्यावर दरमहा आपले, आणि जवळजवळ केवळ आपलेच, लेखन छापून वर्गणीदारांच्या हाती ठेवण्याचे त्याने पत्करले. ८४ अंकांची माला पुरी झाल्यावर जी कीर्ती झाली, तिच्या प्रकाशात आरंभीचे अंक वाचण्याची सवय अभ्यासकांस जडली आहे. ते अंक त्यांच्या जागी ठेवून वाचले म्हणजे मात्र एक निराळाच प्रश्न पुढे येतो. मध्ये दुसऱ्या कोणाचाही हात नसलेला लेखक वाचकाशी कोणत्या नात्याने बोलू लागतो, हा तो प्रश्न होय.

मराठीत नियतकालिके तोवर पुष्कळ झाली होती. ‘दर्पण’ १८३२ मधील, ‘प्रभाकर’ १८४१ मधील, ‘मराठी ज्ञानप्रसारक’ १८५० मधील. ‘विविधज्ञानविस्तारा’सही १८७४ पर्यंत सात वर्षे झाली होती. यांत व्यक्तिमत्त्वाचा ठसा नव्हता असे नाही. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ (१८४८–१८५०) याचे ठळक उदाहरण आहे. परंतु ती टोपणनावाने पाठविलेली पत्रे होती आणि ‘प्रभाकर’ भाऊ महाजनांचा होता. पत्र घ्यावयाचे की नाही, कोठे घ्यावयाचे, हे ठरविणारा एक त्रयस्थ तेथे होता. ‘शालापत्रक’ तर शिक्षणखात्याच्या छायेत वाढलेले मासिक. तेथे कालिदास, भवभूती, बाण यांच्यावर मन मोकळे करून लिहिता येई, इतर विषयांवर तितके नव्हे. ‘निबंधमाले’त लेखक, संपादक व चालक हे तिघे एकाच अंगरख्यात आले.

या घाटाचा आदर्श इंग्रजी होता. अ‍ॅडिसन व स्टील यांचे ‘स्पेक्टेटर’ १७११ साली निघाले, डॉ. जॉन्सनचे ‘रॅम्ब्लर’ १७५० ते १७५२ या काळात आठवड्यातून दोनदा निघत असे, आणि त्याच्या २०८ अंकांपैकी मोजके वगळता सारे एकट्या जॉन्सनच्या लेखणीचे आहेत. चिपळूणकरांचा जॉन्सनशी घरोबा सर्वश्रुतच आहे. वडिलांनी, म्हणजे कृष्णशास्त्र्यांनी, आरंभिलेले ‘रासेलस’चे भाषांतर त्यांनी पुरे केले, आणि मालेतही जॉन्सनवर विस्ताराने लिहिले. तथापि अनुकरण म्हणून हे प्रकरण बाजूस सारणे योग्य नव्हे. जॉन्सनचा निबंध एका बैठकीत वाचून संपतो. चिपळूणकरांचा निबंध अंकाच्या कुंपणात मावत नाही. मोरोपंत, जॉन्सन, लोकहितवादी यांवरील लेखन अंकामागून अंक चालते. मध्ये महिना गेलेला असतो, म्हणून मागचा धागा पुन्हा उचलावा लागतो. उचलताना एखादे नवे उदाहरण आठवते, त्यातून आडवाट फुटते, आणि पुष्कळदा आडवाटेवरील मजकूरच अधिक रंगतो. काटछाट करणारा संपादक असता तर यांतील निम्मी पाने गेली असती. मराठी गद्याचे त्यात नुकसानच झाले असते. शास्त्र्यांची समासबहुल संस्कृत पदावली, मेकॉलेच्या वळणाची तोललेली वाक्ये आणि पुण्याच्या ओसरीवरील खोचक बोली ही तिन्ही एका वाक्यात सुखाने नांदू शकतात, याचा शोध या मोकळीकीतच लागला.

पहिल्याच अंकात ‘मराठी भाषेची सांप्रतची स्थिती’ हा विषय घेतला गेला, आणि लेखनशुद्धी, भाषापद्धती, भाषांतर, इंग्रजी भाषा असे विषय मालेत पुन्हा पुन्हा आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. नवीन लेखक प्रथम आपले हत्यार पारखतो, एवढाच त्याचा अर्थ नाही. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) व मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली घडलेली क्रमिक पुस्तके यांमुळे मराठीचे एक सरकारमान्य रूप सिद्ध होत होते. भाषांतराच्या मुशीतून निघालेल्या त्या मराठीवर चिपळूणकरांचा रोष होता. गमतीची गोष्ट अशी की, मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय त्याच कँडीसाहेबांकडे जाते, आणि मालेतील लांबलचक वाक्ये स्वल्पविराम व अर्धविराम काढून घेतल्यास वाचणे दुरापास्त होईल.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. ‘निबंधमालाकार’ स्वतःविषयी ‘आम्ही’ म्हणतात. इंग्रजी पत्रकारांची ही प्रथा ‘दर्पणा’पासूनच मराठीत उतरली होती, जुन्या पत्रव्यवहारातील मानाचा ‘आम्ही’ही तीस पूरक होता. परंतु इंग्रजी आणि मराठी यांत येथे एक भेद आहे. इंग्रजीतील या सर्वनामात ऐकणारा अंतर्भूत आहे की नाही, हे संदर्भावरून ठरते. मराठीत त्यासाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत. ‘आपण जाऊ’ म्हणताना श्रोता बरोबर असतो. ‘आम्ही जाऊ’ म्हणताना तो मागे राहतो. म्हणून मराठी लेखकाने ‘आम्ही’ लिहिले की वाचक निदान व्याकरणदृष्ट्या बाहेर उभा राहतो. भाषाविषयक निबंधांत हा अर्थ सरळ आहे : एक जाणता सांगतो आहे, इतरांनी ऐकावयाचे आहे. मालेच्या अखेरीच्या प्रदीर्घ निबंधाचे नाव मात्र ‘आमच्या देशाची स्थिती’ असे आहे, ‘आपल्या देशाची’ असे नव्हे. येथे वगळलेला श्रोता कोण? तो इंग्रज होय. त्याला बाहेर ठेवून काढलेल्या वर्तुळात वाचक आपोआप आत येतो. एकाच सर्वनामाचा पल्ला असा बदलला, आणि मालेची लोकप्रियता या बदलावाचून समजत नाही.

पण त्या वर्तुळात सारेच मराठी वाचक येत होते काय? ‘निबंधमाले’चा पहिला अंक निघण्यापूर्वी जेमतेम तीन महिने, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, त्याच पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापिला होता, ‘गुलामगिरी’ही त्याच वर्षाची. चिपळूणकरांनी पुढे मालेत फुल्यांच्या ग्रंथांचा व समाजाच्या अहवालाचा समाचार घेतला, तेव्हा मतांच्या खंडनाबरोबर, किंबहुना त्याहून अधिक हौसेने, त्यांच्या व्याकरणाची आणि शुद्धलेखनाची टर उडविली. भाषेच्या चर्चेत परजलेले शस्त्र येथे माणसावर चालविले गेले. हे केवळ स्वभावाचे तीक्ष्णत्व नव्हे. त्यांत जात्यभिमानाचा भाग उघड आहे; आणि हा मजकूर परत पाठवील असा कोणी दाराशी नव्हता, शिवाय त्याच ठसक्यासाठी वर्गणी भरणारा वाचक समोर होता, हेही तितकेच खरे. पहिल्या अंकांत ज्या मोकळीकीने गद्य घडविले, तिनेच हे करविले. दोन्ही गोष्टी एकाच खात्यावर मांडणे अभ्यासकास प्राप्त आहे. पहिलीचे कौतुक करून दुसरी ‘काळाचा दोष’ म्हणून सोडून देण्याची पाठ्यपुस्तकी रीत समाधानकारक नाही.

तुलनेसाठी ‘गुलामगिरी’ची रचना पाहावी. ती संवादरूप आहे : धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात. सांगणाऱ्याचा अधिकार तेथेही मोठाच आहे, पण ऐकणाऱ्यास नाव आहे आणि शंका काढण्याची मुभा आहे. या पक्षास स्वतःचे पत्र मिळाले ते कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये काढलेल्या ‘दीनबंधू’च्या रूपाने. फुल्यांनी स्वतः १८८५ साली ‘सत्सार’ काढला. त्याचे दोनच अंक निघाले.

चिपळूणकरांच्या बाजूस एकहाती उद्योग लवकरच अनेकहाती झाला. सरकारी नोकरी सोडून त्यांनी १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल काढले. १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ निघाले. मालेतील ‘आम्ही’ ‘केसरी’च्या अग्रलेखांत गेला, पण आता त्यामागे टिळक होते, आगरकर होते. १७ मार्च १८८२ रोजी चिपळूणकर वारले. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर त्या एका सर्वनामात दोघांचा समावेश होईना; १८८७ साली आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला.