शास्त्रीय व्यवस्थापनाचा विचार आणि त्याचे आजचे औचित्य : वॉटरटाऊन व मुंबई येथील अनुभवांच्या संदर्भात

प्रस्तावना

व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात अभिजात विचारवंत म्हणून फ्रेडरिक टेलर, हेन्री फेयॉल आणि मॅक्स वेबर यांची नावे एकापाठोपाठ येतात. टेलरची चार तत्त्वे, फेयॉलची चौदा तत्त्वे आणि वेबरने सांगितलेली नोकरशाहीची लक्षणे विद्यार्थ्यांना मुखोद्गत असतात. ही तत्त्वे प्रत्यक्ष कारखान्यात उतरली तेव्हा काय घडले, हा इतिहास मात्र पाठ्यपुस्तकात क्वचितच येतो. प्रस्तुत निबंधात शास्त्रीय व्यवस्थापनाच्या विचाराचा वॉटरटाऊन (१९११) आणि मुंबई (१९२८) येथील दोन संघर्षांच्या आधारे विचार केला आहे. टेलरच्या विचाराला दोन अंगे होती : कामाचे मोजमाप आणि उभयपक्षी सहकार्य. उद्योगजगताने पहिले अंग तत्परतेने स्वीकारले, दुसरे मात्र ग्रंथातच राहिले. आजच्या काळात या विचाराचे औचित्य तपासताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

टेलरचा मूळ विचार

टेलर (१८५६-१९१५) १८७८ मध्ये फिलाडेल्फिया येथील मिडव्हेल पोलाद कारखान्यात दाखल झाला. कामगार हेतुपुरस्सर काम संथ गतीने करतात, हे त्याने तेथे पाहिले. त्याचे कारण त्याने आळशीपणात शोधले नाही. उत्पादन वाढले की मालक कामाचा दर कमी करतो, हा कामगारांचा अनुभव होता. म्हणून संथ काम हा त्यांच्या दृष्टीने बचावाचाच मार्ग होता. एका दिवसाचे योग्य काम किती, हे मालक वा मुकादमाच्या मर्जीने न ठरता शास्त्रीय निरीक्षणाने ठरावे, म्हणजे हा कलह मिटेल, अशी टेलरची धारणा होती.

१९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट' या ग्रंथात त्याने चार तत्त्वे मांडली : ठोकताळ्यांऐवजी प्रत्येक कामाचे शास्त्र तयार करणे, कामगारांची शास्त्रीय निवड व प्रशिक्षण, कामगारांशी मनःपूर्वक सहकार्य आणि जबाबदारीची व्यवस्थापक व कामगार यांच्यात जवळजवळ समान विभागणी. बेथलेहेम पोलाद कारखान्यात लोखंडाचे ठोकळे वाहणारा कामगार दिवसाला साडेबारा टनांऐवजी सुमारे साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला आणि त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली, हे उदाहरण त्याच ग्रंथातील होय. या कथेत बरीच रंगसफेदी असल्याचे पुढील संशोधकांनी दाखवून दिले आहे. परंतु टेलरचीच आकडेवारी मान्य केली तरी काम जवळजवळ चौपट आणि मजुरी सुमारे ६१ टक्क्यांनी अधिक, असे प्रमाण निघते. वाढीव उत्पन्नाची वाटणी कोणी ठरवावी, हा प्रश्न अशा रीतीने मूळ उदाहरणातच दडलेला होता.

वॉटरटाऊनचा संप

मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉटरटाऊन येथे अमेरिकी लष्कराचा शस्त्रास्त्र कारखाना होता. ऑगस्ट १९११ मध्ये तेथील ओतशाळेत घड्याळ लावून कामाची वेळ मोजण्यास प्रारंभ झाला. एका कामगाराने आपले काम मोजू देण्यास नकार दिला, त्यास कामावरून काढण्यात आले आणि ओतशाळेतील कामगार काम सोडून बाहेर पडले. हा संप सुमारे एक आठवडाच चालला. कामगारांच्या निवेदनातील सूर मात्र लक्षणीय आहे. मजुरीपेक्षा मानाचा प्रश्न त्यांनी पुढे केला. सरकारचे काम आजवर निष्ठेने करणाऱ्या कारागिरांवर घड्याळ रोखणे त्यांना अपमानकारक वाटले.

या घटनेनंतर अमेरिकी प्रतिनिधिगृहाने चौकशी समिती नेमली. जानेवारी १९१२ मध्ये समितीपुढे साक्ष देताना टेलरने 'मानसिक क्रांती'ची कल्पना मांडली. उभय पक्षांनी नफ्याच्या वाटणीवरील दृष्टी काढून नफा वाढविण्याकडे लावावी आणि मताऐवजी ज्ञानाला प्रमाण मानावे; ही क्रांती नसेल तर शास्त्रीय व्यवस्थापन अस्तित्वातच नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. तथापि १९१५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने लष्कराच्या खर्चविषयक कायद्याद्वारे घड्याळाने काम मोजण्यास मनाई केली. ज्या शास्त्राने कलह मिटावयाचा, त्याच्याच साधनावर कायद्याने बंदी आली.

मुंबईतील गिरण्या व 'एफिशियन्सी' पद्धती

मुंबईच्या कापड उद्योगास १९२० च्या दशकात जपानी स्पर्धेची झळ लागली. उत्पादनखर्च कमी करण्यासाठी काही गिरण्यांनी, विशेषतः ससून समूहाने, 'एफिशियन्सी' पद्धती आणली. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन माग सांभाळावेत आणि सूतखात्यातील कामगाराने एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात, असे तिचे स्वरूप होते. १९२८ च्या आरंभापासूनच याविरुद्ध संप सुरू झाले आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगारांचा सार्वत्रिक संप झाला. नारायण मल्हार जोशी यांच्यासारखे मवाळ नेते आणि कॉ. श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे साम्यवादी नेते संयुक्त संप समितीत एकत्र आले. पुढे न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या वादाची चौकशी केली.

या योजनेस टेलरचे नाव नव्हते. तथापि एका कामगाराकडून किती काम घ्यावे, हा दोन्हीकडचा मूळ प्रश्न एकच होता. येथे टेलरची तत्त्वे कसोटीस लावता येतात. टेलरच्या मते कामाचे प्रमाण वाढविण्यापूर्वी साधने, कच्चा माल आणि कामाची परिस्थिती प्रमाणित करणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य होते. मुंबईतील कामगारांची तक्रार नेमकी याच मुद्द्यावर होती. हलक्या प्रतीच्या कापसाचे सूत वारंवार तुटते. तिसरा माग आला की तुटलेले धागे सांधण्याचे कष्ट वाढतात. याखेरीज तीन माग एकाकडे गेले तर काढून टाकलेल्या कामगाराने कोठे जावे, याचे उत्तर योजनेत नव्हते.

शास्त्रीय निवडीच्या तत्त्वाची स्थितीही वेगळी नव्हती. विणकाम खाते, जेथे मजुरी तुलनेने अधिक होती, ते अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ होतो, असे कारण सांगितले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपकाळात हा प्रश्न लावून धरला. कार्यक्षमतेच्या नावाने मागांची संख्या बदलू पाहणाऱ्या व्यवस्थेला जातीची ही भिंत मात्र अकार्यक्षम वाटली नाही, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

हॉथॉर्न आणि मेरी पार्कर फॉलेट

शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांतून मानवी संबंध विचारप्रणाली पुढे आली. त्यांपैकी १९३१-३२ मधील निरीक्षणात चौदा कामगारांचा गट आढळला. अधिक उत्पादनास अधिक वेतन असूनही त्या गटाने दिवसाच्या कामाची आपली मर्यादा ठरविली होती आणि ती ओलांडणाऱ्यास सहकारी रोखत असत. मिडव्हेलमध्ये टेलरने पाहिलेले दृश्य पन्नास वर्षांनंतरही कायम होते. मोजमाप बदलले, परस्पर अविश्वास राहिला.

या कोंडीचे अधिक मूलगामी उत्तर मेरी पार्कर फॉलेट (१८६८-१९३३) हिने दिले. आज्ञा ही व्यक्तीने व्यक्तीला द्यावयाची नसून उभयतांनी परिस्थितीचा अभ्यास करून परिस्थितीचीच आज्ञा ओळखावयाची असते, असे तिचे म्हणणे होते. सत्ता दुसऱ्यावर गाजविण्याऐवजी दुसऱ्यासोबत वापरण्याची तिची कल्पना टेलरच्या सहकार्याच्या तत्त्वास व्यवहार्य रूप देते.

आजचे औचित्य

आज घड्याळ मुकादमाच्या हातून संगणकप्रणालीकडे गेले आहे. गोदामातील वस्तू उचलण्याचा वेग, घरपोच सेवा देणाऱ्याचा मार्ग आणि वेळ यांची नोंद क्षणोक्षणी होते. वॉटरटाऊनचा कामगार घड्याळवाल्यास निदान समोर पाहू शकत होता. आजच्या कामगारास मोजणारा दिसत नाही आणि मोजण्याचा नियमही अनेकदा ठाऊक नसतो. म्हणूनच कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने मोठ्या गोदामांना कामाचे उद्दिष्ट कामगारास लेखी कळविणे बंधनकारक केले आणि विश्रांतीच्या आड येणारी उद्दिष्टे निषिद्ध ठरविली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानेही संगणकीय देखरेखीबाबत पारदर्शकतेची अट घातली. वाद शतकापूर्वीचाच आहे, साधन तेवढे नवे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की शास्त्रीय व्यवस्थापनाचा विचार कालबाह्य झालेला नाही. तो अर्धाच अमलात आलेला आहे. काम मोजणे हा स्वतः अन्याय नव्हे. कामाचे प्रमाण ठाऊक नसेल तर अति श्रमाविरुद्ध दादही मागता येत नाही. परंतु मोजमापाची पद्धत कामगारास ज्ञात असणे, ती ठरविताना त्याचे म्हणणे ऐकले जाणे आणि वाढीव उत्पन्नात त्याचा न्याय्य वाटा असणे, या तीन अटींवाचून मोजमाप हे शास्त्र न राहता केवळ पाळत ठरते. अभिजात विचारांचे अध्यापन करताना तत्त्वांसोबत वॉटरटाऊनची ओतशाळा आणि गिरणगावातील तिसरा माग यांचीही ओळख विद्यार्थ्यांना करून दिली गेली, तर उद्याच्या व्यवस्थापकास त्या तत्त्वांचा पूर्ण अर्थ उमगण्यास साहाय्य होईल.