गती ठरविण्याचा अधिकार : सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्त्या आणि मंदावणारे संगणक – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आभासी वास्तवाचे उपकरण डोळ्यांवर चढविल्यानंतर वापरणाऱ्याची मान ज्या क्षणी वळते त्याच क्षणी समोरचे दृश्यही वळावे लागते. 2016 मध्ये बाजारात आलेल्या ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाईव्ह या उपकरणांनी त्यासाठी सेकंदाला 90 चित्रे हे प्रमाण स्वीकारले. म्हणजे एक चित्र तयार करण्यासाठी संगणकाला सुमारे 11 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम झाले नाही तर दृश्य अडखळते आणि पाहणाऱ्यास घेरी किंवा मळमळ जाणवू शकते. पत्र टंकलिखित करताना संगणक किंचित मंदावला तर ते ध्यानातही येत नाही. येथे मात्र ते शरीराला कळते. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतल्यावर संगणक मंदावतो, ही जुनीच तक्रार या क्षेत्रात अधिक तीव्रतेने ऐकू येते, ती यामुळे. हा मंदपणा केवळ तांत्रिक दोष नसून यंत्राची गती ठरविण्याचा अधिकार कोणाकडे, या प्रश्नाचा तो एक भाग आहे, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

कोल्हापूरचा पूर्वानुभव

सेकंदाला किती चित्रे, हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. मंगळवार पेठेतील जयप्रभा स्टुडिओ भालजी पेंढारकर यांच्या नावाशी जोडला गेला आहे. परंतु शहराची चित्रपरंपरा त्याहून जुनी आहे. बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट 1920 मध्ये प्रदर्शित झाला. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवीत. सेकंदाला सोळा चित्रे हे साधारण प्रमाण होते, नियम नव्हता. प्रसंग पाहून हात सावकाश किंवा जलद चाले. गती ही कॅमेरा चालविणाऱ्याच्या मनगटात होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

1931 नंतर बोलपट आले. प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ 1932 मध्ये कोल्हापुरातच निर्माण केला. ध्वनी चित्राबरोबर बांधला गेल्याने गती बदलली की आवाजही बदलतो. त्यामुळे सेकंदाला 24 चित्रे हे प्रमाण कायम झाले आणि हाताची जागा मोटरने घेतली. हाताचा कॅमेरा बिघडला नव्हता. त्याच्या भोवतालचे मानक बदलले होते, आणि ते मानक कोल्हापुरात ठरले नव्हते. महाराष्ट्र फिल्म कंपनी बोलपटाच्या युगात टिकली नाही. तिच्या अस्ताला अन्यही कारणे होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

संगणकाचे वाढते ओझे

पास्कल या संगणकभाषेचे निर्माते निकलाउस विर्थ यांनी 1995 मध्ये लिहिलेल्या एका लेखात, हार्डवेअर जितक्या वेगाने जलद होते त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर मंद होत आहे, हे निरीक्षण मांडले. मार्टिन रायझर यांचा आधार त्यांनी स्वतःच मान्य केला असला तरी ते पुढे विर्थ यांचा नियम म्हणूनच प्रसिद्ध झाले. विंडोज 98 साठी किमान 16 मेगाबाइट स्मृती पुरेशी मानली जाई. 2001 च्या विंडोज एक्सपीसाठी किमान 64 आणि शिफारस 128 मेगाबाइटची होती. 2021 च्या विंडोज 11 साठी किमान अट 4 गिगाबाइटची आहे. तेवीस वर्षांत ही वाढ 256 पट झाली. या काळात पत्र लिहिण्याचे किंवा गुणपत्रक तयार करण्याचे काम किती पटींनी वाढले, हा प्रश्न कोणत्याही महाविद्यालयीन कार्यालयाने स्वतःला विचारून पाहावा.

मराठी वापरकर्त्याची कोंडी

जुनी आवृत्ती चालू ठेवावी, नवी घेऊ नये, हा सल्ला सोपा वाटतो. इंग्रजीत काम करणाऱ्यास तो काही काळ पाळताही येई. मराठीची स्थिती वेगळी होती. प्रारंभी भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ तंत्रज्ञान वापरले जाई. ते आयआयटी कानपूर येथे विकसित झाले व 1988 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे नेले. त्याचे कार्ड संगणकात स्वतंत्रपणे बसवावे लागे. पुढे श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांसारखी सॉफ्टवेअर रूढ झाली. त्यांनी साध्या संगणकावर देखणी देवनागरी दिली. परंतु प्रत्येकाची अक्षरसंकेतांची रचना वेगळी होती. एका फॉन्टमध्ये जुळविलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे.

यावरील उपाय म्हणजे युनिकोड. विंडोजमध्ये देवनागरीसाठी त्याचा आधार विंडोज 2000 पासून मिळू लागला. एक्सपीमध्येही तो आपोआप उपलब्ध नव्हता. मूळ सीडी घालून संयुक्त लिप्यांच्या फाइली वेगळ्या बसवाव्या लागत. म्हणजे स्वतःच्या लिपीत निर्वेध लिहावयाचे तर नवी ऑपरेटिंग सिस्टिम घेणे भाग होते आणि ती घेतली तर जुना संगणक तिच्या ओझ्याखाली दबत होता. मंगळवार पेठेसारख्या वस्तीत लग्नपत्रिका, तालीम मंडळांची पत्रके, वर्गणीच्या पावत्या जुळविणाऱ्या लहान डीटीपी व्यावसायिकाच्या दृष्टीने ही कोंडी खरी होती. नव्या संगणकाचा खर्च त्याचा आणि जुन्या फाइलींचे रूपांतर करण्याचे श्रमही त्याचेच. जुन्या फॉन्टमध्ये अडकलेला मजकूर हा स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकासाठी आजही एक दुर्लक्षित प्रश्न आहे.

मंदपणाची कारणे

सर्व मंदपणा एकाच प्रकारचा नसतो. अद्ययावतीकरणानंतर पहिल्या काही तासांत संगणक फाइलींची नव्याने अनुक्रमणी करतो, विषाणूरोधक सॉफ्टवेअर सर्व काही पुन्हा तपासते. चित्रांकनाचे पूर्वी साठविलेले तुकडे रद्द झाल्याने ते पुन्हा तयार करावे लागतात. आभासी वास्तवात दृश्य अडखळण्याचे हे एक परिचित कारण आहे. हा मंदपणा ओसरतो. दुसरा प्रकार कायमचा. जानेवारी 2018 मध्ये मेल्टडाऊन व स्पेक्टर हे प्रोसेसरमधील दोष उघड झाले. त्यावरील उपायामुळे 2015 च्या आसपासच्या किंवा त्याहून जुन्या प्रोसेसरवर गती कमी झालेली जाणवू शकेल, असे मायक्रोसॉफ्टनेच त्या महिन्यात जाहीर केले. येथे सुरक्षितता की गती, अशी निवड होती आणि ती सुरक्षिततेच्या बाजूने करणे योग्यच होते. ऑक्टोबर 2018 मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने फोनची गती मंदावणाऱ्या आवृत्त्यांबद्दल ॲपलला 1 कोटी व सॅमसंगला 50 लाख युरोंचा दंड केला. ते प्रकरण मात्र निराळे होते. वापरकर्त्यास पुरेशी माहिती न देता आवृत्ती घेण्यास भाग पाडले, हा तेथील आक्षेप होता.

नवी आवृत्ती म्हणजे मंदपणाच, असेही नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये ऑक्युलसने सेकंदाला 45 चित्रे प्रत्यक्ष तयार करून उरलेली गणिताने भरून काढण्याचे तंत्र जाहीर केले आणि त्यायोगे संगणकाची किमान अट खाली आणली. मनात आणले तर सॉफ्टवेअर हलकेही करता येते, याचा हा पुरावा आहे.

उलट, 7 मार्च 2018 रोजी त्याच कंपनीच्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातील रिफ्ट उपकरणे एकाएकी बंद पडली. मायक्रोसॉफ्टची मिक्स्ड रिॲलिटी प्रणाली 2017 मध्ये आली; डिसेंबर 2023 मध्ये ती सोडून देत असल्याचे कंपनीने घोषित केले आणि 2024 च्या विंडोज 11 च्या आवृत्तीतून ती काढून टाकली. त्या प्रणालीवर चालणारी सुस्थितीतील उपकरणे नव्या आवृत्तीवर निकामी ठरली. मंदपणाच्या पुढची ही पायरी होय.

महाविद्यालयांतील स्थिती

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपला. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-व्यवस्था आणि, इंटेलच्या बाबतीत, साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने संगणक असलेल्या प्रयोगशाळांपुढे नवी खरेदी, लिनक्स किंवा काही मुदतीचा वाढीव आधार, एवढेच पर्याय राहतात. महाविद्यालयाच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये संगणकाच्या खरेदीची तारीख असते, किंमत असते, निर्लेखनाची तारीखही असते. यंत्र बिघडले म्हणून काढले की चालू असतानाच नव्या आवृत्तीस अपुरे ठरले म्हणून, याची नोंद त्यात सहसा नसते. त्या एका रकान्याअभावी या विषयाचा स्थानिक इतिहास लिहिण्याचे मुख्य साधनच अभ्यासकाच्या हाती येत नाही.